बेंच प्रेसमध्ये बार छातीला टेकवायचा का? मदत हवी आहे

मंडळी, बेंच प्रेस मारताना (बाकावर उताणं झोपून बार छातीकडे आणून वर ढकलायचा तो व्यायाम) आमचा ट्रेनर म्हणतो कोपर ९० अंशात आलं की थांब, खाली गेलास तर खांदा जाईल. पण मला छातीला खरा ताण बसतो तो खालच्या शेवटच्या तीन-चार इंचातच, आणि पॉवरलिफ्टिंगच्या (वजन उचलायच्या) स्पर्धेत तर बार छातीवर थांबवल्याशिवाय लिफ्टच धरत नाहीत, मग त्या सगळ्यांचे खांदे गेले असते ना? २० किलोचा बार पकडून एकूण ६० किलो लावतो. खांद्याची पाती मागे आवळून कोपरं थोडी आत ठेवली तर काही त्रास नाही, बाहेर फाकली की उजवा खांदा पुढून टोचतो. हात लांब आहेत, हेही आहेच. तर छाती भरायला पूर्ण टेकवू की डंबेल घेऊन अजून खाली जाऊ? आणि बार टेकवायचा नक्की कुठे, निप्पलच्या रेषेत की जरा खाली? रील पाठवू नका प्लीज, स्वतः मारणाऱ्यांनीच सांगा.