गिल्बर्ट-सलिव्हन नुसत्या चालींवर टिकलेले नाहीत

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली ही जोडी: गिल्बर्टने शब्द लिहायचे, सलिव्हनने चाली द्यायच्या, आणि त्यातून विनोदी संगीतनाटकं उभी राहायची. कुणीतरी लिहिलंय की गिल्बर्ट-सलिव्हन टिकले ते सलिव्हनच्या चालींमुळे, गिल्बर्टचे विनोद कधीच शिळे झाले. पहिलं मान्य, दुसरं अजिबात नाही.

त्यांचं १८७८ चं नाटक 'एचएमएस पिनाफोर' घ्या. त्यातले नौदलमंत्री सर जोसेफ स्वतःची कथा छाती फुगवून गातात: वकिलाच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागलो, दाराची मूठ घासून लख्ख केली, पुढे पार्लमेंटात पक्ष सांगेल तसं मत दिलं, स्वतःचं डोकं कधी वापरलं नाही, म्हणून तर आरमार माझ्या हाती आलं! रोख होता डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्यावर. रेल्वे स्टेशनांवर पुस्तकांचे स्टॉल चालवणारा हा गृहस्थ १८७७ मध्ये नौदलमंत्री झाला होता. आज ते कुणाला ठाऊक नसलं तरी हशा पिकतो, कारण खात्याचा गंध नसलेले मंत्री काही संपलेले नाहीत.

आणि सलिव्हनचं संगीतही नुसतं गोड नाही, ते स्वतःच थट्टा करतं. 'पायरेट्स ऑफ पेन्झान्स'मध्ये चाचे 'मांजराच्या पावलांनी' घरात शिरतात, पण हे सांगतात ते छप्पर उडेल अशा कोरसमध्ये. हा विनोद कागदावर वाचून कळत नाही, ऐकावाच लागतो.

त्यांच्याच 'मिकाडो' नाटकातलं खोटं जपान मात्र आता खटकतं. त्यातली 'नकोशा माणसांची यादी' बाकी मजेदार. गाणारे तीत दर वेळी ताजी गिऱ्हाइकं घुसडतात.