पार्किंगमधली सायकल आणि टायटॅनियमचा खुबा

बी-६०४: मंडळी, सायकलवाल्यांसाठी एक प्रश्न, बाकीच्यांनी सांभाळून घ्या. माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या रोड बाईकला ५ वर्षं झाली, आता नवी फ्रेम घ्यायचीय. कार्बन घेऊ की टायटॅनियम? २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) झाल्यात, ४०० बाकी आहे. २०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे फ्रान्समधली तसलीच मोठी राइड, डोक्यात आहे.

बी-१०२: फ्रेम म्हणजे नुसता सांगाडा? चाकं वेगळी?

बी-६०४: हो दादा, नुसता सांगाडा.

बी-१०२: कितीला?

बी-६०४: इथे नको. घरचे या ग्रुपवर आहेत.

ए-७०२: डोळे मिटून कार्बन. चांगली फ्रेम ९०० ग्रॅम ते किलोभर, टायटॅनियमची दीड किलोच्या आसपास. शिवाय कार्बन साच्यात थर लावून घडवतात, त्यामुळे जिथे ताठ हवी तिथे ताठ आणि जिथे लवचिक हवी तिथे लवचिक करता येते. वाऱ्याला कापणारा आकार देता येतो. टायटॅनियमच्या शेवटी नळ्याच. १९८६ ची टूर द फ्रान्स ग्रेग लेमाँडने कार्बनच्या फ्रेमवर जिंकली, पुढे शर्यतवाले हळूहळू तिकडेच वळले.

सी-३०४ काकू: टायटॅनियम चांगलं असतं. माझ्या उजव्या खुब्यात तेच बसवलंय. डॉक्टर म्हणाले, गंजत नाही.

बी-६०४: काकू, तुमचा अनुभव सगळ्यात जवळचा!

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी साफ करायची आहे. पाणी भरून ठेवावे.

सी-२०१ काका: काकू बरोबर बोलल्या. खुब्यात घालतात ते बहुधा ६-४, म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम. सायकलच्या नळ्या बहुतेक ३-२.५ च्या. टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, एवढं तरी लक्षात आहे. माझी फ्रेम टायटॅनियमची आहे, तरी मी पक्षपात करणार नाही. करीनही थोडा.

सी-२०१ काका: बी-६०४, आधी हे सांग, तुझं वजन किती आणि सिंहगड चढायला किती वेळ लागतो?

बी-६०४: ७८ किलो. पाऊण तास.

सी-२०१ काका: म्हणजे सायकल धरून ८८. त्यात अर्धा किलो म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. पाऊण तासात वाचले जेमतेम १५ सेकंद. वर टपरीवर पिठलं-भाकरीची ऑर्डर द्यायला त्याहून जास्त वेळ जातो.

ए-७०२: काका, तो हिशोब बरोबर. पण हलकी सायकल हातात घेतली की जो आनंद होतो त्याचं काय?

सी-२०१ काका: तो खरा आहे, नाकारत नाही. पण तुमच्या शर्यतवाल्यांच्या मागे गाडीच्या टपावर आख्खी दुसरी सायकल असते. तडा गेला की मिनिटभरात बदलून मिळते. आणि शर्यतीत ६.८ किलोच्या खालची सायकल चालतच नाही. ह्याला रात्री अडीचला महामार्गावर कोण देणार दुसरी?

बी-१०२: रात्री अडीचला सायकल??

बी-६०४: ४०० ला २७ तास असतात दादा. पॅरिसची १२०० किलोमीटर, ९० तासांत.

बी-१०२: पैसे देतात का?

बी-६०४: आपणच भरायचे.

ए-७०२: टायटॅनियमवाले सांगतात की ती रस्ता गिळते, खड्डे जाणवत नाहीत. हे खरं का काका?

सी-२०१ काका: अर्धं खरं. पोलादाच्या तुलनेत टायटॅनियम निम्मंच ताठ, म्हणून तर नळ्या जास्त व्यासाच्या घेतात. व्यास वाढला की तो फरक बराचसा भरून निघतो. आणि फ्रेमचा त्रिकोण उभ्या दिशेने असा कितीसा दबणार? माझ्या पाठीला जो आराम आहे तो टायरचा. बी-६०४, तू कुठलं टायर वापरतोस?

बी-६०४: २५ मिलिमीटर रुंदीचं, हवा ११० पीएसआय.

सी-२०१ काका: अरे देवा. कात्रजच्या रस्त्यावर हे करतोस आणि फ्रेमला दोष देतोस?

ए-७०२: हाहा. मान्य. डिस्क ब्रेकची आहे ना तुझी? ३२ बसेल का बघ, मग ६५ च्या आसपास हवा पुरेल.

बी-६०४: बसेल वाटतं. जागा मोजून सांगतो.

सी-२०१ काका: आता खरा मुद्दा. तुझी सायकल रात्री झोपते कुठे?

बी-६०४: पार्किंगमध्ये, खांबाला साखळी.

सी-२०१ काका: फोटो टाक.

बी-६०४: [फोटो]

सी-३०४ काकू: अगं बाई, तिच्यावर स्कूटर रेललीय की! कोणाची आहे?

बी-१०२: काढतो. वॉचमनने सरकवली असणार.

ए-७०२: फोटो बघून माझं मत डळमळलं. माझ्या जुन्या कार्बनच्या वरच्या नळीवर असंच एका स्कूटरचं हँडल आपटलं होतं. वर फक्त नखाएवढा चरा. नाणं वाजवत गेलो तर सगळीकडे टणटण आणि तिथेच थप्प असा मेलेला आवाज. आतले थर सुटले होते. घाटात उतरताना समजलं असतं तर? कार्बन पेडलच्या जोराला घाबरत नाही, बाजूने बसलेल्या अशा एका टोल्याला घाबरतो. आणि बोल्ट ५-६ न्यूटन मीटरवर थांबवायचे. 'अजून थोडा आवळू' म्हणणाऱ्याच्या हाती पाना द्यायचाच नाही.

सी-३०४ काकू: मग फेकून दिली?

ए-७०२: नाही काकू, खराब भाग घासून नवे थर लावून दुरुस्त होते. झालीसुद्धा. पण तिच्यावर बसून ताशी ६० ने उतरायचा माझा जीव होईना. घरात जागच्या जागी चालवायच्या ट्रेनरवर लावली कायमची.

सी-२०१ काका: टायटॅनियमला पोचा आला तर निदान दिसतो. रंग नसतो म्हणून चरा गेला तर भांड्यांच्या हिरव्या घासणीने पुसता येतो, माझ्या घरी घासणी गायब होते ती तिथेच. पण अमर नाही हं. जोडाशी तडे जातात, जोड वाईट असेल तर लवकर. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते ठिसूळ होतं, म्हणून आतून-बाहेरून आर्गॉन वायू सोडून जोडतात. जोड चंदेरी दिसला तर छान. गडद निळा किंवा पांढुरका भुगा दिसला तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं. आणि तडा गेला तर नाक्यावरच्या ग्रिलवाल्याचं काम नाही ते.

सी-२०१ काका: माझी चूकही सांगतो. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) होता, अँटी-सीझ, म्हणजे दोन धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायचा लेप, न लावता फ्रेममध्ये घातला. एका पावसाळ्यात असा धरला की काढायला दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी कापला.

बी-६०४: पॅरिसला न्यायची तर विमानात खोक्यातून जाणार. तिथे खोकी कशी फेकतात ते माहितीय. म्हणजे टायटॅनियमच?

ए-७०२: तुझ्यासाठी हो. मी म्हणतोय हे, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सायकल घरात ठेवत असतास आणि रविवारी दोन तास फुफ्फुसं फाटेस्तोवर मारत असतास, तर कार्बनच सांगितलं असतं.

बी-६०४: घरात न्यायची तर लिफ्ट?

सेक्रेटरी: लिफ्टमध्ये सायकल नाही. सर्वसाधारण सभेत ठरले आहे.

सी-३०४ काकू: माझा वॉकर चालतो, त्याची सायकल नाही का?

सेक्रेटरी: काकू, कृपया.

सी-२०१ काका: मग घाई करू नकोस. आधी ३२ ची टायरं टाक आणि ४०० मार. तरी फ्रेम बदलावीशी वाटली तर माझी चालवून बघ एक दिवस. सीट खाली करावी लागेल, ती आता निघते. सेकंडहँड बघणार असशील तर वॉरंटी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, ते विचार.

बी-६०४: ठरलं. आणि खांबाच्या मागच्या भिंतीवर एक हूक लावून सायकल उभी टांगू का? म्हणजे स्कूटरच्या वाटेतच येणार नाही.

बी-१०२: माझ्याकडे ड्रिल आहे. स्कूटरचं पाप फिटेल.

सेक्रेटरी: अर्ज द्यावा. ड्रिल दुपारी २ ते ४ सोडून.