पियानोवरचा पाऊस: बोटांत की पेडलमध्ये?

जलतरंग:
पावसाच्या, पाण्याच्या रचना वाजवताना पहिल्या बारपासून (मात्रांच्या पहिल्या गटापासून) उजवा पाय सूर लांबवणाऱ्या पेडलवर रोवून ठेवायची सवय सोडा, असं माझं ठाम मत आहे. फ्रेंच संगीतकार दब्युसीची १९०३ची पियानोरचना 'पावसातल्या बागा' घ्या. सुरुवातीलाच त्याने सूचना लिहिली आहे: स्वच्छ आणि चपळ. आपल्याकडे ऐकू येतो तो मात्र चिखल. पहिली दोन पानं पेडलशिवाय बसवा. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६०वर, एका ठोक्यात चार सेमीक्वेव्हर (पाव ठोक्याच्या नोटा), बोटं पट्टीला चिकटलेली, मनगट सैल. आवाज अगदी हलका. सगळं सारखं पडायला लागलं की ठोका चार-चारने वाढवा. घाई केली की अंगठ्याची नोट जोरात पडते आणि थेंबांऐवजी खडे पडतात.

ओलीवाट:
बोटांचा रियाज मान्य, पण ही शिकवण रावेल या फ्रेंच संगीतकाराच्या, कारंज्यावरच्या 'जलक्रीडे'ला (१९०१) लावलीत तर पाणीच आटेल. पेडल किती खोल, एवढाच प्रश्न आहे. पूर्ण दाबलं की डँपर, म्हणजे तारा गप्प करणाऱ्या गाद्या, तारांपासून सुटतात. अर्ध्यावर धरलं की ते तारांना जेमतेम टेकतात: वरच्या बारीक तारा लगेच गप्प होतात, खालच्या जाड तारा घुमत राहतात. कारंज्याला हेच हवं. पेडल बदलायचं ते बास (सगळ्यात खालचा स्वर) बदलला की, बार संपला म्हणून नाही. आणि फ्लॅटमध्ये डिजिटल पियानो असेल तर आधी पेडल तपासा. सोबत येणारं छोटं चौकोनी पेडल बहुतेकदा नुसतं चालू-बंद असतं, त्यावर अर्धं पेडल कितीही घोटा, येणार नाही.

खर्जपंचम:
तुम्ही दोघंही पावसाचा आवाज काढायच्या मागे आहात. संगीतकार शोपँच्या ओपस २८ या संग्रहातलं १५वं प्रेल्यूड (छोटी पियानोरचना) बघा. 'रेनड्रॉप' हे नाव त्याचं नव्हे, नंतर चिकटलेलं. डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे डी फ्लॅट हा षड्ज धरून, ए फ्लॅट हा पंचम सतत वाजतो. मधला भाग सी शार्प मायनरमध्ये जातो, तिथे तोच ए फ्लॅट जी शार्प म्हणून लिहिला जातो. काळी पट्टी तीच! आपल्या भाषेत, षड्ज तोच, पंचमही तोच, भोवतालचे स्वर बदलले आणि आभाळ भरून आलं. तानपुऱ्याचा पंचम कानात मुरलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. चूक होते ती मधल्या भागात: उजव्या हातातला पंचम ठोकला जातो आणि चाल डाव्या हातात, खाली आहे हे विसरलं जातं. डावा हात एकटा गाऊन बसवा, मग वर पंचम ठेवा.

कोमलगंधार:
तानपुऱ्याचा दाखला सुंदर आहे, पण पियानोला पाऊस पेलत नाही असंच मला वाटतं. मियाँ मल्हार या पावसाळी रागाचा आंदोलित कोमल गंधार दोन पट्ट्यांच्या मधे झुलतो. तिथे पट्टीच नाही. मध्यमाचा कण देऊन गंधार वाजवला तर दोन ठोके ऐकू येतात, झोका नाही.

खर्जपंचम:
मल्हार पियानोवर नको, हे कबूल. पण त्यावरून निसर्गच नको, हे पटत नाही. पक्ष्यांच्या गळ्यातही पट्ट्यांमधली अंतरं असतात. फ्रेंच संगीतकार मेस्सियाँने ती ताणून मोठी केली, लय कमी केली, सूर खाली आणले आणि १९५६ ते ५८ मध्ये पक्ष्यांवर १३ रचना लिहिल्या. नक्कल सोडली म्हणूनच पक्षी पियानोवर आला.

सुरावट:
मुंबईच्या जुलैत आणखी एक गोष्ट आड येते. दमट हवेने पट्ट्यांच्या खाचांतली फेल्ट (दाबलेली लोकर) फुगते, पट्टी वर यायला उशीर करते आणि पुन्हापुन्हा वाजणारी नोट गळते. साउंडबोर्ड (तारांचा आवाज वाढवणारी लाकडी फळी) फुगून मधल्या सप्तकांचा सूर चढतो. एसी फक्त रियाजापुरता लावणं वाईट, चढउतारानेच सूर जास्त बिघडतो. आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ६० टक्क्यांत स्थिर राहील असं बघा. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. पट्टी अडकतेय म्हणून तेल तर मुळीच सोडू नका. ट्यूनर चिमट्याने फेल्ट दाबून ती मोकळी करतो.

जलतरंग:
हे आधी करून घ्या. 'जलक्रीडे'त अर्धं पेडल, मान्य. दब्युसीची पहिली दोन पानं मात्र पेडलशिवायच बसवा.