पंचगंगेच्या काठानं पेव्हर ब्लॉक? आधी पाणंद मोकळी करा

रंकाळाप्रेमी
पंचगंगा घाट ते प्रयाग चिखली, नदीकाठानं सहा-सात किलोमीटर चालायचा देखणा मार्ग व्हावा. पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, दर वीस मीटरला दिवा. बाकी शहरांना जमतं, कोल्हापूरला का नाही? आत्ता तिथं नुसता चिखल आणि ऊस. माणूस चालणार कुठं?

मुरूमवाला
शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना. चालणार कुठं म्हणजे? शिवाजी पूल ओलांडला की आंबेवाडी, तिथनं चिखली, पुढं संगमावरचं दत्ताचं देऊळ. येताना शिंगणापूर बंधाऱ्यावरनं पलीकडं आणि उजव्या काठानं परत. संक्रांतीपासून महिनाभर माणसं संगमावर आंघोळीला जातात, ती काय हेलिकॉप्टरनं उतरतात?

आता पेव्हर. नदीची पूरपातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. आणि इशारा पातळी यायच्या आधीच नदी पात्राबाहेर पडलेली असते. म्हणजे मोठा पूर सोडा, साध्या पावसाळ्यातही तुमचा मार्ग पाण्याखाली. पेव्हर बसतात दगडाच्या बारीक चुऱ्यावर, म्हणजे इंच-दोन इंच कचेवर. पाणी सांध्यातनं आत शिरतं आणि ओसरताना कच घेऊन जातं. खाली काळी माती, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मग एक ब्लॉक वर, एक खाली. त्यात ठेच लागून पडणं चिखलात घसरण्यापेक्षा वाईट.

रेलिंगला तर केंदाळ (जलपर्णी), पाचट, फांद्या अडकणार. तेवढं अडकलं की ते रेलिंग राहत नाही, आडवा बांध होतो. मागनं पाण्याचा रेटा आला की पायासकट उपटून जातं.

करायचंच असेल तर काळी माती फूटभर काढा. दगडाचं सोलिंग, त्यावर सहा इंच मुरूम, तोही दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर. आठ फुटांच्या वाटेला मधोमध दोन इंच उंची ठेवा, बाजूला चर काढा. चर विसरला की मुरूम दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या काळ्या मातीत गेला म्हणून समजा. पूर ओसरल्यावर वर गाळ बसतो, तो ओला असतानाच खरवडायचा. वाळला की कुदळ लागते.

बावड्याची
सोलिंग झालं, मुरूम झाला, माणसाचं काय? साठीच्या पुढचा, गुडघ्यानं अधू माणूस मुरमावर चालू शकतो, मान्य. पण तुमचा मुरूम आहे कुठं? आत्ता जी वाट आहे तिथं जुलै ते ऑक्टोबर पाय टाकला की चप्पल मागं राहते. आणि हिवाळ्यात साडेसहाला अंधार पडतो. दोन्हीकडं डोक्यावरनं ऊस, हाक मारली तर वीस पावलांवर ऐकू जात नाही. बाईनं तिथं चालावं का नाही, याचं उत्तर रोलरनं मिळत नाही. दिवे नकोत म्हणणारे सगळे पुरुष असतात हे एकदा मोजून बघा.

मुरूमवाला
दिवे नकोत म्हटलंच नाही. काठाला नकोत. घाटापासून पुलापर्यंत घाला, काँक्रीटही घाला, तिथं तसाही दगडी घाट आहे. तेवढं घ्या आणि खूश व्हा.

बावड्याची
उपकार झाले.

फडकरी
हितं कुणी शेतकऱ्याला इचारलंय का? ती वाट तुमची न्हवं, पाणंद हाय. ऊस, खत, वैरण न्यायची. तुमी येता, सरीतनं फोटो काढता, कांडं मोडून खाता, बाटल्या बांधावर टाकता. मोटारीची केबल काठावर पडलेली असते, पाणी चढंल तशी आमी मोटार वर ओढतो. त्या केबलवर पाय देऊन उडी मारणारी बघितल्यात. जोडाला चिंधी गुंडाळलेली असती, ओलं असलं म्हंजे खेळ खलास. पेव्हर घातलं की ट्रॅक्टर बंद करा म्हणून पयला अर्ज तुमचाच येणार.

तलाठ्याची झोप
फडकरी, पाणंद तुमची तरी कुठं आहे? गाव नकाशा काढा. एका तुटक रेषेनं दाखवलेला पायमार्ग, रुंदी सव्वा 8 फूट. दुहेरी तुटक रेषांचा गाडीमार्ग, साडे 16 ते 21 फूट. आता जाग्यावर जाऊन टेप धरा. दोन्ही बाजूनं दरसाल एकेक सरी आत आली, गाडीमार्गाचा पायमार्ग झाला आणि पायमार्गाचा बांध. चिखल पावसामुळं होत नाही हो. चर नांगरला गेला म्हणून पाणी वाटेत थांबतं.

रंकाळाप्रेमी
मग सरळ तहसीलदारांकडं जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली अर्ज टाकू. विषय संपला.

तलाठ्याची झोप
संपला कसला, सुरूच झाला नाही. 143 आहे ज्याच्या शेताला वाट नाही त्या खातेदाराला दुसऱ्याच्या हद्दीवरनं वाट मिळावी म्हणून. तुमचं शेत कुठलं, रंकाळा? असलेली वाट अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5. तिथंही प्रश्न शेताकडं जाणाऱ्या वहिवाटीचा, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं. हवा खायला निघालेल्याला दोन्हीकडं दार बंद. अर्जावर सही लागणार ती फडकऱ्यांची.

फडकरी
बघा, आलं का न्हाई माझ्याच दारात. आणि सरी आत आली म्हंता, नदीनं काठची मळीची (गाळाची) जमीन कापून नेली ती कोण मोजनार? बाहेरच्या वळणाला पूर उतरताना काठ ढासळतो.

मुरूमवाला
हे मात्र खरं, आणि चालणाऱ्यांनी नीट वाचावं. पूर चढताना काठ टिकतो, पाण्याचाच टेकू असतो. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू जातो, भिजून जड झालेली माती भिंतीसारखी खाली बसते. ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेरच्या वळणाला काठापासून पंधरा फूट आत चालायचं. काठाला समांतर बोटभर भेग दिसली तर आणखी आत.

संगमवाला
थोडं विषयांतर. "पाच नद्यांचा संगम बघायला चिखलीला या" असं कुणी लिहू नये. तुळशी आणि कुंभी वरच भोगावतीला मिळालेल्या असतात. चिखलीला डोळ्यांना दिसतात ते भोगावती आणि कासारी, दोनच प्रवाह. सरस्वती गुप्त.

बावड्याची
गुप्त तर आमची वाट पण आहे.

मुख्य मुद्द्याचं कुणी बोललंच नाही: बंधारा. जाऊन-येऊन गोल मार्ग म्हणता, तो बंधाऱ्यावर अवलंबून. पावसाळ्यात शिंगणापूर, राजाराम दोन्ही पाण्याखाली जातात. पाणी पावलाएवढं दिसलं तरी ओलांडायचं नाही, कारण गढूळ पाण्यात स्लॅबची कड दिसत नाही. मग सहा किलोमीटर गेलेला माणूस त्याच वाटेनं सहा किलोमीटर परत येणार. हे फलकावर लिहिणार का?

मुरूमवाला
लिहिलंच पाहिजे. बरं, हरलो. फलक हवा, पेव्हरच्या आधी हवा. बरगे, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या, कधी निघाले, कधी बसले, बंधारा चालू का बंद, एवढं घाटावर लावलं तरी निम्म्या माणसांचा जीव वाचेल. बरगे बसवताना दोन रांगांच्या मधे माती भरतात, तेव्हा वर ती सांडलेली असते आणि साबणासारखी निसरडी. त्या दिवसांत बंधाऱ्यावर मधोमध चाला.

रंकाळाप्रेमी
एवढं सगळं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जायचंच नाही म्हणा की.

फडकरी
तेच तर ऊसतोडीचं दिवस. पाणंदीत ट्रॉली समोरून आली तर उताराच्या अंगाला थांबू नगा, भरलेली ट्रॉली तिकडंच कलंडती. चढाच्या अंगाला बांधावर चढायचं आणि ती पुरती जाईस्तोवर थांबायचं, मागं दुसरी जोडलेली असती. तोडलेल्या फडात पाचटात घोणस असती, चपला घालून शिरू नगा. सही मी करतो, पण माझ्या बांधाला कुणी टेप लावायचा न्हाई.

तलाठ्याची झोप
टेप लावल्याशिवाय अर्जाला नकाशा कसा जोडू?

फडकरी
रविवारी या. आठच्या आत. नंतर माझ्या दोन ट्रॉल्या भरून त्याच वाटंनं भाईर पडणार हायत. आणि कुत्री आणू नगा.