मुलाच्या वाढदिवसासाठी हॉल बघतोय, जर्मनमध्ये काय काय विचारायचं?

नवी_श्टुटगार्टकर
नमस्कार मंडळी. लेक पाच वर्षांचा होतोय. वाढदिवस बुधवारी आहे, म्हणून आधीच्या शनिवारी पार्टी ठेवायचा विचार आहे. घर लहान, त्यामुळे जवळच्या चर्चचं गेमाइंडेहाउस (सभागृह) भाड्याने मिळतं का बघतेय. पुण्यात जर्मनची ए-वन (पहिली पातळी) केली होती, पण फोनवर बोलायचं म्हटलं की ततपप होतं. नवरा म्हणतो इंग्रजीत विचार, पण तिथल्या बाई फक्त जर्मन बोलतात. कुठले प्रश्न पाठ करू?

नेकरकाठची_मावशी
अगं, आधी तारीख बदल. इथे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अशुभ मानतात. किंडरगार्टनमधल्या मुलांच्या आया तोंडावर काही बोलणार नाहीत, पण अवघडतील. नंतरचा शनिवार धर.

आता फोनचं. प्रश्न पाठ करणं सोपं गं, पलीकडून येणारं उत्तर कळायला हवं ना! म्हणून उत्तरात हो, नाही, आकडा किंवा वेळ यातलंच काहीतरी येईल असंच विचारायचं. "हॉलबद्दल जरा माहिती द्या" म्हणालीस की बाई श्वेबिशमध्ये (इथल्या बोलीत) सुरू होतील आणि तू नुसती "या, या" करत बसशील.

"इस्ट डेअर झाल आम झाम्सटाग फ्राय?" शनिवारी हॉल रिकामा आहे का.
"बिस वान ड्युर्फन विअर ब्लायबन?" किती वाजेपर्यंत थांबता येईल. उत्तरात "हाल्ब आख्ट" आलं तर ते साडेसात, साडेआठ नव्हे. रात्री दहानंतर तर शांतता पाळावीच लागते.
"वी होख इस्ट दी काउत्सिओन?" डिपॉझिट किती.
"ड्युर्फन विअर आयगेनेस एसन मिटब्रिंगन?" घरचं जेवण आणलं तर चालेल का. हा विसरू नकोस, काही ठिकाणी चालत नाही.
"झिंट केर्त्सन एरलाउप्ट?" मेणबत्त्या चालतील का. हा औक्षणासाठी. केकवरच्या मेणबत्त्यांना सहसा कुणी हरकत घेत नाही, पण निरांजनाची ज्योत बघून बाई छतावरच्या स्मोक डिटेक्टरकडे बघायला लागतात. आधीच विचारलेलं बरं.

शेवटी "क्योनन झी मिअर डास बिटं पेर ई-मेल शिकन?" म्हणजे सगळं लेखी येतं आणि घरी निवांत डिक्शनरी घेऊन वाचता येतं. माझा सगळ्यात लाडका प्रश्न हाच. हॉल परत देताना "बेझनराइन" म्हणाल्या तर झाडून द्यायचा, फरशी पुसायची गरज नाही.

कार्ल्सरूहचा_बाबा
मावशींनी हॉलचं सांगितलंच आहे, मी पालकांचं सांगतो. पाच वर्षांच्या मुलाला सोडून आईबाप निघून जातील की थांबतील, हे इथे नक्की नसतं. "ब्लायबन झी डाबाय?" (तुम्ही थांबणार का) असं प्रत्येकाला विचारा, नाहीतर पोहे कुणाला पुरणार नाहीत. "हाट ईअर किंट आयने आलेर्गी?" (मुलाला कसली ॲलर्जी आहे का) हेही विचारा. आपल्या चटणीत दाण्याचं कूट असतं. निमंत्रणावर संपायची वेळ लिहा, दुपारी तीन ते सहा वगैरे. आपल्याकडे हे उद्धट वाटेल, इथे लोक त्यावरच दिवस आखतात.

नवी_श्टुटगार्टकर
मावशी, तारीख बदलली. एक शंका: दोन आयांनी मेसेजमध्ये "वास व्युन्श्ट एर झिश?" असं विचारलंय. "काही नको" लिहू का?

नेकरकाठची_मावशी
अजिबात नको! त्याला काय हवंय ते विचारतायत. "काही नको" लिहिलंस तर खरंच काही आणणार नाहीत, किंवा बिचाऱ्या गोंधळतील. सरळ लिही: रंगपेटी, डायनासोरचं पुस्तक, जे हवं ते. संकोच इथे कामाचा नाही.

आणि पोरं निघताना हातात द्यायच्या पिशव्यांत गमी (जेलीच्या मऊ गोळ्या) घालणार असशील तर दुकानात "इस्ट डा गेलाटीने ड्रिन?" (यात जिलेटिन आहे का) विचार. नेहमीच्या अस्वलाच्या आकाराच्या गमींमध्ये सहसा डुकराचं जिलेटिन असतं. वर्गात शाकाहारी किंवा मुस्लिम मुलं असतील तर फळांच्या रसाची, पेक्टिनवाली (जिलेटिनऐवजी वनस्पतीपासूनचं) घे.