मदत हवी आहे: भावाचा मोतीबिंदू, मुलुंड ते दादर पट्ट्यात सर्जन सुचवा

मुलुंडची_सई:
भावाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघालाय. वय २४. घराजवळच्या नेत्रालयात म्हणाले, पुढच्या आठवड्यात करून टाकू, अर्ध्या तासाचं काम आहे. मला दुसरं मत हवंय. सेंट्रल लाइनवर कोणी चांगला सर्जन माहीत आहे का? लेन्स देशी की इंपोर्टेड? खर्च साधारण किती? त्याची नोकरी नवी आहे, रजा टाकायचीय, म्हणून घाई. 'मोबाइल कमी वापरा' छाप सल्ले कृपया नकोत.

गिरणगावकर:
मोबाइल कमी वापरायला सांगा. आमचा पुतण्या रात्री दोनपर्यंत गेम खेळायचा, चष्मा लागलाच शेवटी.

नाना_भांडुप:
अहो, चष्मा वेगळा, मोतीबिंदू वेगळा. सई, माझा गेल्या वर्षी झाला. फेको, म्हणजे बारीक छेदातून. दुसऱ्या दिवशी पेपर वाचला. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सच्या नादी लागू नका, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसतात. साधी, एकाच अंतराची मोनोफोकल घ्या. आणि मेडिक्लेम नवा असेल तर आधी पॉलिसी वाचा, मोतीबिंदूला बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं थांबवतात.

सिस्टर_परळ:
नाना, तुमचं वय काय आणि त्या पोराचं काय! सई, २४ व्या वर्षी एकाच डोळ्यात मोतीबिंदू उगाच होत नाही. मार लागला होता? शुगर? बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलंय?

मुलुंडची_सई:
मार नाही, शुगर नाही. दुसरा डोळा ठणठणीत. लहानपणी त्या बाजूला शेक दिला होता, पण त्याला अठरा वर्षं झाली, तो विषय संपलाय. सर्जनचं नाव सांगेल का कोणी?

सिस्टर_परळ:
शेक म्हणजे रेडिएशन ना? कशासाठी? कुठे? आणि नेत्रालयात हे सांगितलंय का?

मुलुंडची_सई:
हो, रेडिएशन. डोळ्याच्या खोबणीत गाठ होती, रॅब्डो की काय म्हणतात ती, कॅन्सरचीच. टाटाला केमो आणि शेक. नेत्रालयाच्या फॉर्मवर 'आधीचं ऑपरेशन' एवढंच विचारलं होतं. ऑपरेशन झालंच नव्हतं, मग काय लिहिणार?

अक्षय_कॉटनग्रीन:
ताई, विषय संपलेला नाही. मी ल्युकेमियावाला. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधी मला सगळ्या अंगाला शेक दिला, पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डोळ्यात किरणांना सगळ्यात नाजूक असते ती आपली मूळ लेन्स. तिचं नुकसान काही वर्षांनी मोतीबिंदू होऊन दिसतं. तुमच्या भावाला तर थेट डोळ्याशीच शेक दिलाय, म्हणजे डोस माझ्यापेक्षा बराच जास्त असणार. तेवढ्या डोसने डोळ्यातल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, बारीक रक्तवाहिन्याही खराब होतात, कधी डोळ्याची मुख्य नसही. त्याला रेडिएशन रेटिनोपथी म्हणतात, दिसायला मधुमेहवाल्यांच्या पडद्यासारखीच. पडदाच बिघडला असेल तर मोतीबिंदू काढूनही धूसर ते धूसरच राहील. आधी रेटिनावाल्याला दाखवा, ओसीटी म्हणजे पडद्याचा स्कॅन करा. मोतीबिंदू दाट असून आतलं दिसत नसेल तर बी-स्कॅन नावाची सोनोग्राफी असते.

वैद्य_दादर:
उगाच घाबरवू नका. रोज सकाळी त्रिफळ्याच्या गाळलेल्या पाण्याने डोळा धुवा, माझ्या अनुभवात उत्तम गुण येतो.

सिस्टर_परळ:
वैद्यबुवा, या डोळ्यावर नको. शेकामुळे अश्रुग्रंथी आटलेली असू शकते. सई, डोळा चुरचुरतो का?

मुलुंडची_सई:
चुरचुरतो, आणि सारखं पाणी येतं. ट्रेनच्या दारात उभा राहिला की जास्तच. म्हणजे कोरडा तर नाहीच ना?

सिस्टर_परळ:
कोरडा डोळाच असं करतो. मुळातला ओलावा नसला की बुबुळाला टोचतं, मग एकदम पाण्याची धार लागते. किंवा पाणी नाकात उतरायची नळी शेकाने आवळली असेल. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून तपासतात, पाच मिनिटांचं काम. ऑपरेशनच्या आधीच करून घ्या. कोरड्या डोळ्यावर चिरा दिला तर जखम भरायला त्रास होतो, आणि लेन्सचा नंबरही चुकतो.

वैद्य_दादर:
अ‍ॅलोपथीवाल्यांना सगळीकडे चिरा दिसतो.

नाना_भांडुप:
वैद्यबुवा, तुमचा स्वतःचा मोतीबिंदू कुठे केला ते सांगा की.

अक्षय_कॉटनग्रीन:
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. ताई, टाटाचा जुना फाइल नंबर शोधा. तिथे १९९१ पासून एसीटी क्लिनिक आहे, लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांच्या पाठपुराव्यासाठीच. किती ग्रे (रेडिएशनचा डोस ग्रेमध्ये मोजतात), किती भागांत, कुठली केमो, हे लेखी घ्या. अमेरिकेच्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या सूचनांप्रमाणे डोळ्याला ३० ग्रे किंवा जास्त गेलं असेल तर दरवर्षी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी हवी. आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' गट आहे, आमच्यासारख्यांचाच. भावाला नुसता भेटायला तरी पाठवा.

गिरणगावकर:
टाटाला जायचं तर परळला उतरा, दादरला नको. आता एल्फिन्स्टनचं प्रभादेवी झालंय, तिथूनही जाता येतं.

मुलुंडची_सई:
अपडेट. फाइल निघाली. ४५ ग्रे, २५ भागांत. रेटिनावाल्यांनी मोतीबिंदूच्या कडेकडेने पाहिलं, पडद्यावर कापसासारखे ठिपके आहेत, ओसीटीत मधल्या भागाला सूज आहे. म्हणाले, आधी डोळ्यात इंजेक्शनं, सूज उतरली की मोतीबिंदूचं बघू, तोवर दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब. पुढच्या आठवड्याची तारीख रद्द केली. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. एकच विचारायचंय: इंजेक्शन भूल देऊन देतात का? भाऊ विचारतोय, मला उत्तर देता येत नाही.

अक्षय_कॉटनग्रीन:
पूर्ण भूल नाही. बधिर करायचे थेंब टाकतात. दाब जाणवतो, सुई दिसत नाही. त्या दिवशी गाडी चालवू देऊ नका, आणि नंतर डोळा लाल होऊन दुखायला लागला किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता त्याच डॉक्टरांना गाठा.

नाना_भांडुप:
ते ठीक, पण लेन्स कोणती ठरली?