मदत हवी आहे: आप्पांना या अँटिऑक्सिडंट कॅप्सूल द्याव्यात का?

नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आमचे आप्पा, वय ७६, एसटीत हिशेबाला होते, गेल्या वर्षी अल्झायमर निघाला, अजून सुरुवातच आहे म्हणतात, त्यावरची डोनेपेझिलची गोळी चालू आहे. पेपरातलं शब्दकोडं रोज लागतं त्यांना. परवा बघितलं तर सगळ्या आडव्या ओळींत सातारा, सातारा, सातारा असंच भरलेलं आणि वर मला म्हणतात, आज सोपं होतं गं.

तर आता दाजींनी कुठून तरी कॅप्सूल आणल्यात, महिन्याचे तीन हजार. सोबतच्या कागदावर लिहिलंय की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे मेंदूतली प्रोटीन्स खराब होतात आणि ही कॅप्सूल ते थांबवते. आत व्हिटॅमिन ई ४०० युनिट, जिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, हळदीचा अर्क वगैरे. मी कॉमर्सवाली, मला एवढंच सांगा की हे खराब होणं वगैरे खरं आहे का, आणि खरं असेल तर कॅप्सूलने थांबायला काय हरकत आहे? दाजींना नाही म्हणायचं तर कारण पाहिजे हो. आप्पांना वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, पण चालू आहे, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय.

जुनी_सायकल:
ताई, आधी शेवटच्या ओळीचं बोलतो. वॉर्फरिनवर असताना जास्त डोसचं व्हिटॅमिन ई आणि जिंको, दोन्हींनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही देऊ नका, आणि दिल्या गेल्या असतील तर आजच फोन करा, पुढच्या आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची, वाट बघू नका.

आता कागदाचं. मी बायोकेमिस्ट्री शिकवायचो म्हणून सांगतो, त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के पण ऑक्सिजन खातो २० टक्क्यांच्या आसपास, आणि त्यात लवकर खवट होणारी चरबी भरपूर. पेशीत ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे काही आगाऊ रेणू सुटतात, ते चरबीला आणि प्रोटीनला डसतात. डसलेल्या प्रोटीनचा आकार बिघडतो, मग ते काम करत नाही. तरुणपणी पेशी असलं भंगार तोडून टाकते, वयाबरोबर ती सफाई ढिली पडते. अल्झायमरच्या मेंदूत असं डसलेलं प्रोटीन जास्त सापडतं, आणि या आजारात मेंदूत साचणारे अमायलॉइड नावाच्या प्रोटीनचे गोळे स्वतःच आणखी असे रेणू तयार करवतात, म्हणजे चक्रच.

मग गोळीने का थांबत नाही? कारण पहिलं लक्षण दिसायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू झालेलं असतं आणि तोंडाने घेतलेलं मेंदूपर्यंत पोचतं कमी, हळदीचं तर आतड्यातूनच नीट शोषलं जात नाही. जिंको २००८ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तीन हजारांवर वृद्धांना दिलं, डिमेन्शिया काही टळला नाही. व्हिटॅमिन ई चं थोडं वेगळं, २०१४ साली रोज २००० युनिट दिल्यावर अल्झायमरच्या रुग्णांची रोजची कामं जरा सावकाश बिघडली, पण स्मरणशक्तीत फरक दिसला नाही. आणि २००० युनिट म्हणजे तुमच्या कॅप्सूलच्या पाचपट, वॉर्फरिनवाल्याने त्या वाटेला जाऊच नये.

कोथिंबीर_जुडी:
आमच्या सासूबाईंनाही असंच कुणीतरी आणून दिलेलं. शब्दकोडं बंद करू नका बरं का. सातारा लिहू दे, चुकलं म्हणून सांगू नका.

धागाकर्ती:
बाप रे, कालच एक दिली होती. आत्ता डॉक्टरांशी बोलले, त्यांनी कॅप्सूल बंद करायला सांगितली आणि उद्या सकाळी आयएनआर. डबा पण घेऊन यायला सांगितलाय. दाजींना वॉर्फरिनचंच कारण सांगते, तेवढं पटेल त्यांना. बाकी प्रोटीनचं तुम्हीच या घरी समजवायला.